ॲप काढलं, पण संध्याकाळ कुठे न्यायची?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो जसा समजला तसा आधी मांडते, काही चुकलं तर सांगा. तुम्ही पुण्यात भाड्याच्या घरात राहता. दोघांचे मिळून महिन्याला ६२ हजार हातात येतात, त्यातले १६ हजार भाड्याला जातात. मुलगी पहिलीत आहे. तुम्ही घरी ब्लाउज शिवता, त्याचे चार-पाच हजार वेगळे, आणि त्या ऑर्डरी इन्स्टाग्रामवरून येतात असं तुम्ही म्हणता. वर्षभरात चार वेळा इन्स्टाग्राम आणि फेसबुक फोनवरून काढलंत, आणि चारही वेळा आठवडा पुरा व्हायच्या आत परत घेतलंत. शेवटच्या वेळी तर उलटंच झालं. ॲप नव्हतं त्या आठवड्यात खर्च कमी व्हायच्या ऐवजी अठराशे रुपयांनी वाढला. म्हणून तुम्ही विचारता, की साधं राहणं आणि सोशल मीडियापासून लांब राहणं, ही दोन्ही एकदम जमतच नाहीत का?

जमतात. पण तुमचे ते अठराशे रुपये मला फार महत्त्वाचे वाटतात. बाकीच्या प्रश्नावर कुणीही उत्तर देईल, त्या अठराशेंवर सहसा कुणी बोलत नाही.

मी बारा वर्षं सांगली जिल्ह्यात महिला बचत गटांची सहयोगिनी होते. गावोगाव जायचं, गटाच्या वह्या तपासायच्या, बँकेचा हप्ता वेळेवर जातोय ना ते बघायचं, हे काम. ते सुटल्यावर ओळखीपाळखीतल्या घरांचे हिशेब बसवून द्यायला लागले, अजूनही देते. त्यामुळे मी बोलते ते वहीच्या बाजूने बोलते. मनाची डॉक्टर मी नाही. फोन हातात नसला की छातीत धडधडतं, झोप उडाली आहे, दिवसदिवस कशातच मन लागत नाही, असं काही असेल तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. तसं काही नाही असं धरून पुढचं लिहिते.

तर ते अठराशे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा एकदम स्वस्त झाला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मी तपासत होते त्या वह्यांमधला करमणुकीचा रकाना जवळजवळ रिकामा झाला. केबलचं बिल, जत्रेतला खर्च, महिन्याचा एखादा सिनेमा, सगळं फोनमध्ये गेलं. आज महिन्याला तीनशेच्या आसपासचं रिचार्ज धरलं तर एका माणसाची रोजची करमणूक दहा रुपयांत होते. चहासुद्धा कुठे कुठे त्याहून महाग आहे. म्हणजे फोन ही तुमच्या घरातली सगळ्यात स्वस्त करमणूक आहे, आणि तुम्ही नेमकी तीच बंद केलीत. मग संध्याकाळी तिघं एकमेकांची तोंडं बघत बसलात आणि कुणीतरी म्हणालं असणार, 'चला, जरा बाहेर जाऊन येऊ.' पुण्यात 'जरा बाहेर' म्हणजे जाता-येता रिक्षा, पावभाजी आणि मुलीला मॉलमधल्या खेळायच्या जागेचं तिकीट. दोन फेऱ्यांत अठराशे सहज होतात. तुमच्याकडे हिशेब असेल तर पडताळून बघा, मी फार चुकणार नाही.

म्हणून मला तुमचा खरा प्रश्न संध्याकाळी साडेसात ते साडेदहाचा वाटतो. ॲप हे त्या तीन तासांवरचं झाकण होतं. झाकण काढलं तेव्हा खाली काही शिजलेलं नव्हतं, एवढंच. याकडे परत येते, कारण सांगण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे. आधी पैशाचं उरकू.

सोशल मीडिया सोडला की खर्च आपोआप कमी होतो, असं बरेच जण सांगतात. माझ्या अनुभवात तसं होत नाही. पुढचे पंधरा दिवस काहीही सोडू नका, फक्त वही ठेवा. साधी दोनशे पानी. तारीख, वस्तू, रक्कम, आणि चौथा रकाना: 'हे घ्यायचं कुठे सुचलं?' त्यात एकच अक्षर लिहायचं. गरज होती तर ग, दुकानात दिसलं तर दु, शेजारणीकडे किंवा नात्यात बघितलं तर शे, फोनवर दिसलं तर फो. अक्षर त्याच दिवशी लिहायचं. दुसऱ्या दिवशी आपलं मन प्रत्येक वस्तूला ग देतं, हे मी माझ्याच वहीत पकडलं आहे.

पंधरा दिवसांनी फक्त फो असलेल्या ओळी मोजा. किराणा, दूध, शाळेची फी, औषधं यांत फो सापडणार नाही. फो असतो तो दोनशे ते सातशेच्या वस्तूंपुढे: कुर्ती, ड्रॉवरचे कप्पे, मोदकाचा साचा, मुलीचा तिसरा डबा. या रकमेची गंमत अशी, की ती चुकली तरी भांडण होत नाही. दोन हजारांच्या वस्तूला नवऱ्याला विचारावं लागतं, साडेतीनशेच्या वस्तूला कुणी विचारत नाही. पूर्वी एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती घरात येणं यांच्यामध्ये रविवार असायचा, बस असायची, दुकानदाराशी घासाघीस असायची. त्यात निम्म्या इच्छा वाटेतच मरायच्या. आता वस्तू दिसते त्याच पडद्यावर ती मागवता येते आणि २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमुळे त्याच अंगठ्याने पैसेही जातात. मधला रविवार गेला.

म्हणून माझं एक मत आहे, बऱ्याच जणांना ते उलटं वाटतं. सोशल मीडिया आणि खरेदीची ॲपं यांतलं एकच काढायचं असेल तर खरेदीची काढा. इन्स्टाग्राम राहिलं तरी चालेल. साडी बघून डोळे निवतात, त्याला पैसे पडत नाहीत. मागवायला ब्राउझर उघडून, पासवर्ड आठवून, पत्ता टाकून, कार्डाचा नंबर हाताने भरावा लागला की तुमचा हरवलेला रविवार थोडा तरी परत येतो. साठवून ठेवलेली कार्डं काढून टाका. 'आत्ता घ्या, पुढच्या महिन्यात द्या' असलं काही चालू असेल तर ते आधी फेडून बंद करा.

आणि 'नो कॉस्ट' हप्त्यांना भुलू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, व्याज प्रोसेसिंग फीसारख्या वाटेने वसूल होतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. कार्डाच्या हप्त्यात व्याजाचा जो भाग असतो त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तो भरतो ग्राहक.

किरकोळ खर्चासाठी काही घरांत मी यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआयचंच छोट्या रकमांचं पाकीट, सुरू करून दिलं आहे. त्यात एका वेळी पाच हजारांच्या वर पैसे राहत नाहीत. सोमवारी आठवड्याचे दोन-अडीच हजार टाकायचे, भाजी-दूध-रिक्षा त्यातून, संपले की संपले. आपोआप भरण्याची सोय मात्र बंद ठेवायची. याला दुसरी बाजूही आहे. लाइटला पिन लागत नाही, त्यामुळे काहींचा हात उलट सैल सुटतो. अशा घरांत मी रोख पैसे आणि डाळीचा रिकामा डबा यावरच भागवते. तुमचा हात कोणत्या जातीचा आहे हे तुम्हालाच माहीत.

आता तुमच्या शिवणाच्या ऑर्डरी. इथे मला ठाम बोलता येत नाही, कारण तुमचं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. पण आमच्या गटातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. त्या शेंगदाण्याची चटणी आणि भाजणी विकायच्या, आणि 'पेज बंद केलं तर धंदा बसेल' म्हणून दिवसाला दोन-दोन तास त्यावर घालवायच्या. मी म्हटलं, महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला एवढंच विचारा, 'आमचं नाव कुठे कळलं?' महिन्याच्या शेवटी बघितलं तर बहुतेक जणी कुणाच्या तरी सांगण्यावरून आलेल्या होत्या. पेजवरून आलेल्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. त्यांनी पेज बंद केलं नाही, पण दोन तासांचे आठवड्याला वीस मिनिटं केले. तुमचं वेगळं असू शकतं. ब्लाउजचा गळा फोटोत बघूनच बायका येतात, चटणीचं तसं नाही. म्हणून विचारा आणि लिहून ठेवा. निम्म्याहून जास्त ऑर्डरी खरोखर तिथूनच येत असतील तर खातं बंद करू नका. शिवणाचं खातं वेगळं काढा, त्यावर ओळखीचं कुणीही जोडू नका, आणि ते फक्त शनिवारी दुपारी मशिनीशेजारी बसून उघडा. उरलेल्यांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले तरी पुरतं.

व्हॉट्सॲप सोडा असं मी सांगणार नाही. मुलीच्या शाळेची सूचना तिथेच येते, सोसायटीचं पाणी कधी जाणार तेही तिथेच कळतं. आणि माझं स्वतःचं कारण वेगळं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत कुठल्या गल्लीत पाणी शिरलं, होडी कुठे आहे, दूध कुठे मिळतंय, हे आम्हाला गल्लीच्या ग्रुपवरूनच कळत होतं. धरण फुटल्याच्या अफवाही त्याच ग्रुपवर आल्या, हेही खरं. तेव्हापासून जुलै-ऑगस्टात मी तो ग्रुप सोडत नाही, मग बाकी काही सोडलेलं असो वा नसो. तुमच्याकडे असे दोन-तीनच ग्रुप असतील ज्यांच्यावाचून खरोखर अडतं. त्यांचा आवाज चालू ठेवा. बाकीच्यांचा कायमचा बंद करून ते अर्काइव्हमध्ये ढकला, आणि स्टेटस बघणं सोडा. स्टेटस ही व्हॉट्सॲपच्या मागच्या दाराने आलेली इन्स्टाग्रामच आहे.

इथवरचं थोडक्यात: पंधरा दिवस वही, मग खरेदीची ॲपं, मग शिवणाचं खातं वेगळं, आणि व्हॉट्सॲप राहील पण मुकं. सोशल मीडियापासूनची सुट्टी अजून सुरूच झालेली नाही. चार वेळा तुम्ही थेट सुट्टीपासून सुरुवात केलीत, म्हणून चार वेळा पडलात असं मला वाटतं. त्याचा फार दोष लावून घेऊ नका. खाली बोट सरकवत राहा आणि पान संपतच नाही, ही रचना एझा रास्किन नावाच्या गृहस्थांनी २००६ मध्ये केली, आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. करणाऱ्यालाच जिथे चुटपुट लागली तिथे आपण कोण.

आता संध्याकाळ.

आमच्या जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद राहतील. कोरोनात शाळा फोनवर गेली होती, ती उघडल्यावरही पोरांच्या हातातला फोन सुटेना, म्हणून हे सुरू झालं. पेपरांत फार कौतुक झालं. मला त्यातलं भोंग्यापेक्षा दुसरं काहीतरी शिकण्यासारखं वाटलं. फोन सगळ्यांचा एकाच वेळी बंद होतो. पोरगं अभ्यासाला बसलंय आणि बाप शेजारी व्हिडिओ बघतोय, असं होत नाही. आणि वेळ दीडच तास आहे. 'मोबाइल सोडा' असं गावाला सांगितलं असतं तर गाव हसलं असतं. दीड तास म्हटल्यावर लोक ऐकतात.

तुम्ही लिहिलंय की नवरा चेष्टा करतो आणि तुमच्याच शेजारी बसून रील बघतो. मग तुमचा निश्चय टिकणार कसा? शेजारी भजी तळत असताना उपास करण्यासारखं आहे ते. त्यांच्याकडे तीन महिने मागू नका, आठ ते साडेनऊ मागा. एक स्टीलचा डबा घ्या, दोघांचे फोन आवाज चालू ठेवून त्यात टाका, डबा स्वयंपाकघरातल्या फडताळावर. फोन वाजला तर उठून घ्यायचा, बोलून परत ठेवायचा. त्यांना ऑफिसचं काम त्याच वेळी येत असेल तर तुमची वेळ बदला, पण दोघांची वेळ एकच असू दे. आणि हे मुलीसमोर ठरवा. सहा-सात वर्षांचं पोर घरातला सगळ्यात कडक फौजदार असतं. आठ वाजून एक मिनिटाने तीच डबा घेऊन उभी राहील.

पहिले चार-पाच दिवस कंटाळा येईल, अगदी अंगावर येणारा. तो येऊ द्या. याच दिवसांत तोंडातून 'बाहेर जाऊन येऊ' निघतं, आणि तुमचे अठराशे इथेच गेले होते. त्यासाठी मी घरांना एक अट घालून देते: पहिले दोन आठवडे संध्याकाळी पाकीट न घेता बाहेर पडायचं. जायचं जरूर, पण पायी आणि रिकाम्या खिशाने. तुम्ही पुण्यात कुठल्या भागात राहता ते लिहिलं नाही. जवळपास असाल तर रविवारी सकाळी पर्वती, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी आहेत, तिकीट नाही. गावात असाल तर पुणे नगर वाचन मंदिर आहे, १८४८ पासूनचं, किंवा पुणे मराठी ग्रंथालय. वाचनालयाची वर्गणी आणि मॉलमधला एक तास यांची तुलना तुम्हीच करा. वाकड-हिंजवडीकडे असाल तर हे सगळं लांब पडेल, आणि पीएमपीने जाऊन-येऊन दिवस मोडेल. मग सोसायटीचा जिना आणि गच्चीच खरी.

पण रोज बाहेर जायचं नसतंच. दीड तास घरात कसा जातो ते माझ्या घरचं सांगते, आदर्श म्हणून नव्हे. आठला जेवणं होतात. मग मी उद्याची भाजी निवडते, कडधान्य भिजत घालते. हे मी खर्चासाठी म्हणूनच सुरू केलं. रात्री भाजी निवडलेली असली की सकाळी डब्याला काही मागवावं लागत नाही, आणि ऑफिसात जाणाऱ्या घरांचा निम्मा बाहेरचा खर्च त्या सकाळच्या वीस मिनिटांतच होतो. धाकटी भाची माझ्याकडे शिकायला होती तेव्हा आम्ही जमिनीवर खडूने पट आखून अष्टाचंग खेळायचो, चिंचोक्यांचे फासे. रेडिओ लावते, कारण त्याला बघावं लागत नाही आणि हात मोकळे राहतात. तुम्हाला तर शिवण आहे. रात्री मशीन लावू नका, खालचे लोक कटकट करतील. पण काज, हुक, हातशिलाई हे सगळं या वेळात होतं. तुमची दिवसाची तासभर मोकळीक त्यातूनच निघेल.

आणि काही दिवस काहीच करू नका. नवराबायको नुसतं बोलत बसलात तरी दीड तास जातो. सुरुवातीला भांडणंही होतात, हे आधीच सांगून ठेवते. बऱ्याच घरांत फोनने भांडणं मुकी करून ठेवलेली असतात.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. साधेपणाचंसुद्धा आता दुकान झालंय. पांढरी भिंत, एकसारख्या काचेच्या बरण्या, लाकडी झाकणं, त्यावर डाळींची नावं. माझ्याकडे हिशेब घेऊन आलेल्या एका मुलीने हे बघून घरातले सगळे प्लास्टिकचे डबे भंगारात दिले आणि 'साधं स्वयंपाकघर' करायला दोन हजार चारशेच्या बरण्या मागवल्या. तिच्या वहीत त्या ओळीपुढे तिने ग लिहिला होता! मी तिला माझी मांडणी दाखवली: हॉर्लिक्सच्या जुन्या बाटल्या, दोन बिस्किटांचे पत्र्याचे डबे, एक लोणच्याची बरणी जिचं झाकण तिचं नाही. फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही. पण मोहरी मोहरीच राहते. तसंच 'मी सोशल मीडियापासून सुट्टी घेतेय' असं जाहीर करणारी पोस्टही टाकू नका. टाकली की तिला किती जणांनी काय म्हटलं ते बघायला परत यावंच लागतं.

किती दिवस सोडायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. आपल्याकडे याची रीत आधीपासून आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगी सोडतं, आणि त्याच्या आधी कांदेनवमीला भजी, थालीपीठं पोटभर खाऊन घेतात. माझ्या आईचा हा नेम होता. मला त्यातलं धार्मिक अंग फारसं जमलं नाही, पण त्यामागचा शहाणपणा जमला. सोडायचा दिवस ठरलेला, परत घ्यायचा दिवस ठरलेला, आणि मधे काय खायचं तेही ठरलेलं. मी २०१८ मध्ये फेसबुक असंच सोडलं. त्याआधी दोनदा 'आता कायमचं' म्हणून सोडलं होतं, आणि दोन्ही वेळा महिन्याच्या आत परतले होते. परतल्यावर जुनं सगळं भरून काढायला रात्री दोन-दोनपर्यंत जागले. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते हेच.

तुम्हाला चार महिने नकोत, चार आठवडे पुरेत. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. २०१८ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं होतं. सरासरीने रोजचा तासभर वाचला, माणसं थोडी समाधानी झाली. थोडीच हं, कायापालट वगैरे नाही. बातम्यांची माहितीही कमी झाली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: चार आठवड्यांनंतर खातं उघडायची मुभा मिळाली तरी ती माणसं पूर्वीपेक्षा कमी वेळ तिथे घालवत राहिली. म्हणजे महिन्याभराने सवयीची पकड थोडी सैल होते. तुमचे सहा-सात दिवस त्याला पुरले नाहीत, इतकंच.

खातं कायमचं पुसू नका, तात्पुरतं बंद करा. पुसण्याची विनंती केली तर फेसबुक-इन्स्टाग्राम तीस दिवसांची मुदत देतात, तेवढ्यात विचार बदलला नाही तर मुलीच्या बाळपणीचे फोटो गेले. तात्पुरतं बंद करायच्या आधीही फोटो एकदा उतरवून घ्या. चार आठवड्यांनी उघडाल तेव्हा आधीच ठरवलेलं असू दे की आठवड्यातून किती वेळा आणि कुठे बसून बघणार. मी रविवारी दुपारी बघते, नवऱ्याच्या लॅपटॉपवर. फोनवर ते पुन्हा कधी घेतलं नाही.

काही हातचं जाईल, हे लपवत नाही. शाळेतल्या मैत्रिणीची आई गेली, मला दोन आठवड्यांनी कळलं. तिने फेसबुकवर लिहिलं होतं आणि मला कळलं असेल असं धरून चालली होती. मी गेले, बसले, पण तिच्या मनात ते राहिलंच. तेव्हापासून दहा-बारा माणसांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर आहे आणि महिन्यातून एकदा मी त्यांना स्वतः फोन करते. यात महिन्याला दोनेक तास जातात.

डेटाचा पॅक बदलू का, असंही तुम्ही विचारलंय. लगेच नको. पण रोज दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर एक लक्षात घ्या: रात्री बाराला उरलेला डेटा जातो, आणि 'फुकट जाऊ नये' म्हणून साडेअकराला व्हिडिओ बघणारी माणसं मी पाहिली आहेत. महिन्याभराने वापर खरोखर उतरला तर रोजच्या कोट्याऐवजी महिनाभराचा एकत्र डेटा देणारा छोटा पॅक बघा. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशामुळे २०२५ पासून कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅकही ठेवावे लागतात. ते तुमच्या नाही, पण सासूबाईंच्या कीपॅडच्या फोनला उपयोगी पडतील, त्यात बरेच पैसे वाचतात.

सासूबाईंवरून आठवलं. घरच्या ग्रुपवर तुम्ही उत्तर देत नाही म्हणून त्या नाराज आहेत, असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. कीपॅडचा फोन असलेल्या सासूबाईंना ग्रुपवरचं कोण सांगतं? नणंद सांगत असणार. तेव्हा ग्रुपवर खुलासे देत बसू नका. रविवारी सकाळी, त्यांची पूजा आटोपल्यावर, मुलीच्या हातात फोन देऊन त्यांना थेट लावा. नात पाच मिनिटं बोलली की महिनाभराच्या 'शुभ सकाळ'ची भरपाई होते. त्यातच डब्याची गंमतही तिला सांगू दे. आजीला कळलं की मग नवरा चेष्टा करायला जरा बिचकेल.

वही उद्यापासून सुरू करा. पंधरा दिवसांनी फो च्या ओळींची बेरीज आणि शिवणाच्या ऑर्डरी कुठून आल्या तो आकडा, एवढं कळवा. मग चार आठवडे कुठल्या दिवशी सुरू करायचे ते ठरवू. मुलीची परीक्षा आणि लग्नसराईच्या ब्लाउजची गर्दी, हे दोन्ही त्यात येऊ द्यायचं नाही.